जुनी गाडी वारंवार तापते : दोष शोधण्याची पद्धत

पाणी भरले की आठ-पंधरा दिवस गाडी नीट चालते आणि मग एखाद्या दुपारी तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्टीकडे सरकू लागतो, ही जुन्या गाड्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार आहे. एका गॅरेजमध्ये रेडिएटर साफ करून मिळतो, दुसरीकडे थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला जातो, तिसरीकडे नवी वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप, बसते. प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडे दिवस बरे जातात आणि दुखणे परत येते. गाडी नेमकी केव्हा तापते आणि तिच्यातले पाणी नेमके कुठे जाते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळण्याआधीच पाना हातात घेतला जातो, म्हणून हे घडते. हे दोन प्रश्न नीट विचारले तर बहुतेक गाड्यांमधला दोष एकही भाग न बदलता ओळखता येतो.

पुढचे विवेचन मारुती ८००, ओम्नी, झेन, पद्मिनी, अॅम्बेसेडर, इंडिका, सुमो अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. संगणकावर चालणाऱ्या नंतरच्या इंजिनांनाही हीच तत्त्वे लागू पडतात, मात्र पंखा आणि सेन्सर तपासण्याची रीत त्यांत वेगळी असते.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा वर चढतो आहे पण वाफ निघालेली नाही, अशा वेळी एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून त्याचा पंखा जोरात लावावा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. हीटर म्हणजे आतल्या बाजूला बसवलेला लहान रेडिएटरच असल्यामुळे तो इंजिनातली थोडी उष्णता बाहेर काढतो आणि तेवढ्यात गाडी थांबवायला अवधी मिळतो. बॉनेटखालून वाफ येत असेल, किंवा त्याच वेळी चार्जिंगचा लाल दिवा लागला असेल, तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर चालतात आणि तो बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी असते.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब निघून जातो, ते पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि तोंड, हात, डोळे भाजतात. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, हाताने दाबून पाहता येईल इतका निवेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास, थांबणे हाच मार्ग आहे. त्यानंतरही जाड फडके घेऊन पहिल्या टप्प्यापर्यंतच झाकण फिरवावे आणि फुस्स आवाज पूर्ण थांबल्यावर ते काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणे हा दुसरा धोका आहे. अॅल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग, एकदम आकसले की वाकते किंवा त्याला चीर जाते, आणि पाचशे रुपयांत संपणारी दुरुस्ती इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

एक गोष्ट येथेच सांगणे आवश्यक आहे. वर चढलेला काटा काही न करता अचानक खाली आला म्हणजे संकट टळले, असे समजू नये. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा कमी तापमान दाखवू लागतो, तर त्याच वेळी इंजिन कोरडे तापत असते. इंजिने जाम होण्याच्या अनेक घटनांमागे हा फसवा दिलासा असतो.

केव्हा तापते, हे आधी ठरवावे

कोल्हापुरात राहणाऱ्याला ही तपासणी करण्यासाठी वेगळी सोय लागत नाही, कारण तिन्ही प्रकारचे रस्ते शहराच्या आसपासच आहेत. दाभोळकर कॉर्नर, लक्ष्मीपुरी, बिंदू चौक हा गर्दीचा टप्पा संथ वेगाची कसोटी घेतो. तावडे हॉटेलपासून कागलकडे जाणारा महामार्ग सलग वेगाची कसोटी घेतो. पन्हाळ्याची किंवा जोतिबाची चढण भार टाकून पाहते. गाडी सुरू केल्यापासून किती वेळाने, कोणत्या गिअरमध्ये, एसी चालू असताना की बंद असताना काटा वर गेला, हे एका वहीत लिहून ठेवावे. मिस्त्रीला "गाडी गरम होते" एवढेच सांगण्यापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगी ठरते.

गर्दीत किंवा उभ्या गाडीत काटा चढतो आणि महामार्गाला लागताच खाली येतो, असे असेल तर दोष बहुधा हवेच्या बाजूला असतो. वेगात जाताना समोरची हवा आपोआप रेडिएटरमधून वाहते. वेग कमी झाला की ते काम पंख्यावर येते आणि पंखाच काम करत नसेल तर उष्णता साचते. ऊस गाळपाच्या हंगामात हा दोष लवकर उघडा पडतो, कारण एकामागे एक जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ जावे लागते.

याउलट शहरात गाडी शांत राहते आणि महामार्गावर किंवा चढणीवर तापते, तर पंख्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. अशा वेळी पाण्याचा प्रवाह अपुरा आहे किंवा रेडिएटरची उष्णता टाकण्याची ताकद संपली आहे, असे समजावे. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरलेल्या असणे, वॉटर पंपाची पाती गंजून झिजलेली असणे, खालचा होज आत ओढला जाणे, थर्मोस्टॅट अर्धाच उघडणे, बेल्ट सरकणे, ही कारणे येथे येतात. कूलिंगशी संबंध नसलेली काही कारणेही याच प्रकारात मोडतात: इग्निशनचे टायमिंग मागे पडलेले असणे, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी जाणे, क्लच सरकणे, किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहणे. शेवटचा दोष तपासणे सोपे आहे; चार-पाच किलोमीटर गाडी चालवून चारही रिमजवळ हात नेला की एक चाक विशेष तापलेले लगेच जाणवते.

गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरताना गाडीला काहीच त्रास होत नाही आणि परतीच्या चढणीवर मात्र ती अर्ध्या वाटेत वाफ सोडते, ही तक्रार या भागात पुष्कळ ऐकू येते. ती वरवर गोंधळात टाकणारी आहे, पण तिचे स्पष्टीकरण साधे आहे. उतरताना इंजिनावर भार नसतो, त्यामुळे दुखणे दबून राहते. परत येताना खालची हवा अधिक उष्ण असते, वेग कमी असतो आणि भार पूर्ण असतो, म्हणजे पंखा आणि प्रवाह या दोन्हींची परीक्षा एकाच वेळी होते. अशा गाडीची शहरातली आणि महामार्गावरची वागणूक वेगवेगळी पाहिल्याशिवाय निदान करू नये.

तिसरा प्रकार असा की थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा झपाट्याने चढतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे, कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) हवा अडकून राहणे, किंवा हेड गॅस्केटमधून (हेडखालचा सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थरातून) जळालेला वायू पाण्यात शिरणे, या तीन कारणांपलीकडे येथे सहसा जावे लागत नाही.

कधी कधी गाडी तापलेलीच नसते. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकदमच वर जात असतील तर मीटरला वीज पुरवणारा स्थिरक किंवा अर्थिंग बिघडलेले असते. इन्फ्रारेड थर्मामीटर आता हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. तो थर्मोस्टॅटच्या घरावर धरून आलेला आकडा काट्याशी ताडून पाहिल्याशिवाय मोठा खर्च करू नये.

पाणी कुठे जाते

कूलिंगची व्यवस्था बंदिस्त असते. निरोगी गाडीत पाण्याची पातळी महिनोन्महिने हलत नाही. "दर आठवड्याला अर्धा लिटर लागतेच" असे सांगणाऱ्या मालकाची गाडी आजारीच समजावी, मग तिचा काटा कितीही सरळ असो. ते पाणी एकतर बाहेर गळते, नाहीतर इंजिनाच्या आत जाते.

बाहेरची गळती शोधण्याची उत्तम वेळ म्हणजे सकाळ. रात्री गाडीखाली जुने पुठ्ठे अंथरून ठेवावेत आणि सकाळी डाग कोणत्या जागी पडला ते पाहावे. तापलेल्या धातूवर पडलेले थेंब लगेच सुकतात, त्यामुळे ओल दिसत नाही; मात्र कूलंटचा रंगीत किंवा साध्या पाण्याचा पांढरा ओघळ मागे उरतो आणि तोच माग काढत वर जायचे असते. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. आतले सील खराब झाले की तेथूनच पाणी झिरपते. ते छिद्र बुजवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते. प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरमध्ये टाकी आणि अॅल्युमिनियमचा गाभा यांच्या जोडावर पाहावे. ओम्नीत रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली असल्याने पाण्याचे लांब पाईप गाडीखालून जातात, आणि ते गंजून झिरपतात हे पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या सीटसमोरची चटई ओली असेल, काचेवर चिकट धुके धरत असेल आणि गाडीत गोडसर वास येत असेल तर हीटरचा गाभा फुटलेला असतो. एलपीजी किंवा सीएनजी बसवलेल्या गाडीत रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम पाणी देण्यासाठी होज कापून टी-जोड घातलेले असतात. त्या जोडांकडे सर्वांत आधी पाहणे शहाणपणाचे आहे.

काही गळती केवळ दाबाखालीच होते. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडाला लावायचा हातपंप मिळतो. थंड इंजिनावर तो लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावी आणि दहा-पंधरा मिनिटे पंपावरचा दाबाचा काटा पाहावा. काटा उतरला आणि बाहेर कुठेही थेंब दिसला नाही, तर पाणी आत जात आहे.

गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद किंवा बाजारातली पूड टाकण्याची पद्धत अजून टिकून आहे. आडरस्त्यावर घरी पोहोचण्यापुरता तो उपाय समजण्यासारखा आहे, पण त्यानंतर सगळी यंत्रणा धुऊन काढली नाही तर तीच पूड रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्या बुजवते, आणि गळणारी गाडी काही महिन्यांनी तापणारी गाडी होते.

झाकण

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर ते तेवढा दाब आत धरून ठेवते आणि त्यामुळे साधे पाणीसुद्धा सुमारे ११७ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी आणि कूलंट समप्रमाणात असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. म्हणजे झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर कडक झाले की जवळजवळ वीस अंशांचे संरक्षण एका झटक्यात जाते, आणि बाकी सर्व भाग ठणठणीत असूनही गाडी पन्हाळ्याच्या वळणावर उकळते.

झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढला की जास्तीचे पाणी बाजूच्या बाटलीत सोडते. मधली लहान झडप इंजिन निवताना तेच पाणी परत आत ओढू देते. ही लहान झडप अडकली तर दोन खुणा दिसतात: बाटली काठोकाठ भरलेली असते पण रेडिएटर वरून रिकामा असतो, आणि थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला असतो. बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकलेली असेल तरीही रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढतो. म्हणूनच केवळ बाटलीतली पातळी पाहून समाधान मानू नये. जुन्या गाडीत थंड इंजिनावर झाकण काढून रेडिएटरच्या तोंडाशी पाणी दिसते का, हे पाहणे हीच खरी तपासणी आहे. झाकण बदलताना आकडा मूळचाच ठेवावा. अधिक दाबाचे झाकण लावले तर जुने होज आणि हीटरचा गाभा प्रथम दगा देतात.

पंखा आणि हवेची वाट

विजेवर चालणाऱ्या पंख्याची तपासणी उभ्या गाडीत करावी. इंजिन चालू ठेवून काटा मध्याच्या थोडा वर जाईपर्यंत थांबावे. बहुतेक गाड्यांत साधारण ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान पंखा सुरू व्हायला हवा. झाला नाही, तर दोन तारांच्या जुन्या प्रकारच्या फॅन स्विचचा जोड काढून, इग्निशन चालू ठेवून, त्या दोन तारा एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर स्विच गेला आहे. फिरला नाही तर फ्यूज, रिले आणि शेवटी मोटर या क्रमाने जावे. संगणकाला जोडलेल्या सेन्सरवर हा प्रयोग करू नये. मोटर दुरुस्त करून आणल्यावर तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा फिरतो पण हवा उलटी ढकलतो. रेडिएटरसमोर कागद धरला असता तो आत ओढला जायला हवा. अॅम्बेसेडर, पद्मिनीसारख्या बेल्टवरच्या पंख्यात बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली जावा. त्याहून सैल बेल्ट वेगात सरकतो.

पंख्याभोवतीचे आवरण दुरुस्तीत काढून परत न बसवलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आवरण नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवत राहतो.

या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. उसाच्या वाहतुकीतून उडणारे पाचटाचे तुकडे आणि धूळ एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागे रेडिएटरवर जाड थर असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हा थर गाळाचा आहे आणि तो वाळून घट्ट झालेला असतो. दोन्ही भाग थोडे विलग करून इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या दाबाच्या पाण्याने ते धुवावेत. वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा पातळ पाती वाकवतो आणि हवेची वाट कायमची बंद करतो.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला जवळजवळ प्रत्येक मालकाला कधी ना कधी मिळतो. तो मानू नये, असे माझे ठाम मत आहे. थर्मोस्टॅट इंजिन लवकर योग्य तापमानाला आणतो आणि तेथे टिकवतो. तो नसेल तर सकाळच्या लहान फेऱ्यांत इंजिन थंडच राहते, पेट्रोल अधिक जळते, ऑइलमध्ये ओल साचते आणि सिलिंडर झिजतात. त्याहून महत्त्वाचे असे की काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला टाळून जाणारी आतली वाट बंद करतो. तो भागच काढला की ती वाट कायम उघडी राहते, बरेच पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात फिरते, आणि गाडी चढणीवर आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी सुधारली तर त्यातून एवढेच सिद्ध होते की तो भाग खराब होता; तेथे नवा बसवावा.

तपासणी घरच्या स्वयंपाकघरात होते, फक्त भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळता ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, आणि थर्मामीटर लावून पाणी तापवावे. त्याच्यावर ८२ असा आकडा कोरलेला असेल तर त्या सुमारास झडप हलायला लागते आणि साधारण ९५ अंशांना पूर्ण उघडते, म्हणून ही संपूर्ण क्रिया कोल्हापुरातही डोळ्यांनी पाहता येते. ८८ आकड्याच्या थर्मोस्टॅटचे तसे नाही. येथे पाणी ९८ अंशांना उकळून थांबते, त्यामुळे तो पूर्ण उघडलेला दिसला नाही तरी तो खराब ठरवू नये. बसवताना त्याच्यावरचे बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे हवा निघून जाते.

रेडिएटर, होज आणि वॉटर पंप

गाडी पूर्ण तापल्यावर इंजिन बंद करून इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या पृष्ठभागावर सगळीकडे फिरवावा. तापमान पाणी आत येण्याच्या बाजूकडून बाहेर जाण्याच्या बाजूकडे हळूहळू उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तेवढ्या नळ्या बुजल्या आहेत. इंजिन बंद असले तरी विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे लांब ठेवावीत.

नळ्या बुजण्यामागे बहुतेकदा बोअरचे पाणी असते. त्यातले क्षार तापल्यावर नळ्यांच्या आत थर धरतात आणि हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी उघडून, आत सळ्या मारून, पुन्हा डाग देऊन (सोल्डर करून) तो वर्षानुवर्षे वापरता येतो, आणि हे काम जाणणारे कारागीर अजून आहेत. असा रेडिएटर भंगारात देऊन हलका नवा घेण्याची घाई करू नये. अॅल्युमिनियम आणि प्लास्टिकचा रेडिएटर मात्र बुजला की बदलणेच योग्य. कूलंट थंड प्रदेशासाठी असते आणि आपल्याला साधे पाणी चालते, ही समजूत चुकीची आहे. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये अॅल्युमिनियमचे हेड आणि वॉटर पंपाची पाती वाचवतात, आणि ती द्रव्ये संपतात म्हणूनच साधा हिरवा कूलंट दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. कूलंट डब्यात मूळ स्वरूपात असेल तर त्यात बॅटरीत घालतात तसे क्षारमुक्त पाणीच मिसळावे. रंग सारखा म्हणजे रसायन सारखे, असे नसते; आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळे काढून, धुऊन, एकच प्रकार भरावा.

वेगातच तापणाऱ्या गाडीत खालच्या होजकडे लक्ष द्यावे. इंजिन गरम असताना मदतनिसाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगून होज पाहावा. पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेली आहे. वॉटर पंपाचा खुळखुळणारा शाफ्ट हाताला लागतो, पण गंजून अर्धी उरलेली पाती पंप काढल्याशिवाय दिसत नाहीत. वर्षानुवर्षे साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत बाकी सगळे ठीक निघाले तर हा संशय धरणे रास्त आहे.

हेड गॅस्केट

बाहेर गळती नाही, दाब मात्र उतरतो, आणि पाणी कमी होत राहते, अशा वेळी हेड गॅस्केटकडे वळावे. थंड इंजिन सुरू केल्यानंतर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होणे, झाकण काढून सुरू केलेल्या थंड इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, सकाळी दाट पांढरा आणि गोडसर वासाचा धूर निघणे, एका सिलिंडरचा स्पार्क प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असणे, या त्याच्या खुणा आहेत. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली साईसारखा थर दिसला की गॅस्केट गेले, असे लगेच ठरवू नये. पावसाळ्यात लहान फेऱ्या करणाऱ्या निरोगी गाडीतही तेथे ओल धरते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधट असेल तरच ती खूण गंभीर समजावी. खात्री करण्यासाठी एक निळे द्रावण मिळते, ते रेडिएटरच्या तोंडाशी धरल्यावर जळालेला वायू आला की पिवळे पडते. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजताना, शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब कमी निघाला तर त्यांच्या मधली पट्टी फाटलेली असते.

गॅस्केट बदलूनही सहा महिन्यांत दुखणे परत येते, त्याचे मुख्य कारण हेड न तपासता नवे गॅस्केट बसवणे हे आहे. तापून वाकलेल्या हेडवर कितीही चांगले गॅस्केट टिकत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून हेडची सपाटी पाहावी. लहान इंजिनांत साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. फेसिंगचे, म्हणजे हेड घासून सपाट करण्याचे, काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नीट होते, कारण या शहराचा हात इंजिनाच्या कामावर अनेक दशके बसलेला आहे. फेसिंगबरोबर दाबाखाली चिरेची तपासणीही मागावी, आणि बोल्ट पुस्तिकेतल्या क्रमाने व टॉर्क रेंचनेच कसून घ्यावेत. आणि मूळ दोष, म्हणजे गॅस्केट जाळणारा तो पहिला ताप कशाने आला, हे सापडल्याशिवाय खोललेले इंजिन पुन्हा जोडू नये.

पाणी परत भरताना

दुरुस्तीनंतर अडकून राहिलेली हवा नवीन दोषासारखी वागते. गाडीचे तोंड चढावर ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, होजवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा आणि कूलंट सावकाश ओतावे. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालू द्यावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली बसते, तेव्हा पुन्हा भरावे आणि झाकण लावावे. खालचा होजही गरम झाला, हीटरमधून सलग गरम हवा येऊ लागली आणि पंखा स्वतःहून सुरू होऊन बंद झाला, म्हणजे हवा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी. थोडे कमी झालेले असणे पहिल्या एक-दोन वेळा स्वाभाविक आहे.

काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे कुत्री-मांजरे आणि गुरे ते चाटतात आणि दगावतात. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजकडेच द्यावे आणि सांडलेली जागा भरपूर पाण्याने धुवावी. नव्या कूलंटचा प्रकार, भरल्याची तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर एका पट्टीवर लिहून ती रेडिएटरच्या वरच्या आडपट्टीवर चिकटवावी, म्हणजे पुढे कोणीही बॉनेट उघडले तरी आत काय आहे आणि ते कधी बदलायचे आहे, हे विचारावे लागत नाही.